आधी पाणी शोधा, रंग शेवटी

गेल्या अंकात मी दिवाळीआधीच्या घरकामाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. जवळजवळ प्रत्येकाचं म्हणणं एकच : घर बदलायचंय, पैसे बेताचे आहेत, हात मात्र घरात आहेत. त्यातली पाच पत्रं इथे घेते. मी रंगारी नाही की इंजिनिअर नाही. बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञान शिकले, नंतर शाळेत तोच विषय शिकवला, आणि दांडिया बाजारातलं सासरचं जुनं घर गेली चाळीस वर्षं सगळ्यांच्या साथीनं राखलं. जे हातांनी करून पाहिलं, तेवढंच सांगते.

बडोद्याच्या समा भागातून एक वाचक लिहितात : २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात साडेतीन फूट पाणी होतं. त्या दिवाळीला भिंती खरवडून, पुट्टी भरून आम्ही प्लॅस्टिक पेंट लावला. संक्रांतीपर्यंत रंग फुगला, पापुद्रे सुटले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं आणि पुन्हा तसंच झालं. खाली सतत पांढरी पूड पडते. आता कोणी म्हणतं पीव्हीसीची पॅनेलं ठोका. वीस हजारांच्या आत काही होईल का? घरात मी, मिस्टर, कॉलेजात जाणारी दोन मुलं आणि सासूबाई आहोत.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आमच्या माजघराच्या भिंतीचं अगदी असंच झालं होतं. पलीकडे मोरी होती आणि तिचं पाणी आतल्या आत झिरपत होतं. दिवाळी तोंडावर आलेली, पाहुणे येणार, म्हणून आम्ही घाईनं रंग लावला. तो उतरला, दुसरा लावला, तोही उतरला. सासूबाईंनी दोन दिवाळ्यांचे पैसे त्या भिंतीत गेलेले बघितले. त्याची खंत मला अजून आहे.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. आपले गुजराती शेजारी त्याला लूणो म्हणतात. वीट दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढते. विटेत, मातीत, सिमेंटात आणि पुराच्या गाळात असलेले क्षार त्या पाण्यात विरघळतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन उडून गेलं की क्षार तिथेच राहतात, त्यांचे खडे धरतात आणि वाढताना वरचा थर ढकलून देतात. प्लॅस्टिक पेंटमुळे भिंतीचं तोंड बंद झालं की हे खडे रंगाच्या मागे धरतात आणि रंग पापडासारखा फुगतो. तुम्हाला वाटतं भिंतीला वाळायला इतके महिने मिळाले. खरं तर दोन्ही वेळा तुम्ही तिला ओलीच झाकलीत. जुन्या कारागिरांचा अंदाज असा की वीटकाम वाळायला दर इंची जाडीला साधारण एक महिना लागतो, तोही उघडं असताना. तुमची भिंत नऊ इंची असेल तर हिशोब तुम्हीच करा.

पॅनेलं ठोकू नका. मागे ओल तशीच राहील, बुरशी धरेल आणि सासूबाईंच्या छातीला त्रास होईल. ओल झाकून घर सुंदर होत नाही, हे मी कोणालाही ठासून सांगेन.

पहिलं काम मुलांना द्या. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचे वीतभर चौकोन कापून ते भिंतीवर वेगवेगळ्या उंचीला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवायचे. दोन दिवसांनी काढून पाहायचे. भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली, म्हणजे खिडक्या उघडायला हव्यात. जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवायची. आमच्याकडे ही वही भाच्यानं ठेवली होती आणि मोरीचा गळका नळ तिच्यामुळेच सापडला, कारण एकाच कोपऱ्यात फॉइल दर वेळी भिजत होतं.

मग घराबाहेर जा. भिंतीलगतची माती किंवा फरशी आतल्या जमिनीपेक्षा किमान वीतभर खाली आहे का? पुराचा गाळ तसाच साचून राहिला असेल तर मिस्टर आणि मुलांनी दोन रविवारी फावड्यानं तो काढावा. गच्चीच्या पाइपाचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पाइपाला वळणाचा तुकडा बसवून ते लांब न्या. ह्याला काहीशे रुपये लागतात, आणि हे न करता आत केलेला सगळा खर्च वाया जातो.

त्यानंतर आतलं प्लास्टर काढायचं. पाण्याची खूण जिथवर आहे तिच्यावर आणखी दीड फूट धरा. छिन्नी-हातोडीचं काम थोरल्यांचं. नाकावर मास्क, डोळ्यांना चष्मा हवाच. त्याआधी वायरमनला बोलावून खालचे सगळे प्लग-पॉइंट बंद करून घ्या. बुडालेल्या बोर्डांची वायर आणि अर्थिंग तपासून घ्या. ह्या एका कामात काटकसर नको. उघड्या विटांवर लोणा येईल, तो कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. पाण्यानं धुवायचा नाही, नाहीतर क्षार विरघळून पुन्हा आत जातो. दर आठवड्याला झाडा. हे काम सासूबाईंना बसूनही करता येईल. आमच्या सासूबाई ते मनापासून करायच्या, आणि लोणा कमी होत चालल्याचं घरात सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात आलं.

म्हणजे ह्या दिवाळीला त्या भिंतीला रंग नाही. मला माहीत आहे हे ऐकायला जड जातं. विटा उघड्याच राहू द्या, त्यांच्यासमोर पणत्यांची ओळ लावा. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत हवा कोरडी असते, भिंत वाळवायला ह्याहून चांगले दिवस नाहीत.

होळीच्या सुमाराला पुन्हा फॉइल लावा. कोरडं निघालं तर कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलवा. पण चुन्याचं काम येणारा शोधा, वय झालेला असला तरी चालेल. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली जाडसर रेती, सिमेंट अजिबात नको. आपल्याकडे ओरसंगची रेती मिळते, ती चांगली. दोन थर, आणि आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. उन्हाळ्याचा ताव लागला तर ओलं गोणपाट लावायचं. हे शिंपडणं मुलांनी वाटून घ्यावं. चुन्याचं प्लास्टर ओल बाहेर जाऊ देतं. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, त्यांच्या वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं चुन्याच्या गिलाव्यावरच आहेत. मुलांना एकदा नेऊन दाखवा. आपली भिंत कशाची करतो आहोत हे त्यांना तिथे कळेल.

वरून चुन्याची सफेदी. कळीचा चुना विरवायचं काम मोठ्या माणसाचंच : लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना, उलट कधीच नाही. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. लहान मुलं आणि मांजर दोघांनाही लांब ठेवा. रात्रभर निवू द्यायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा, चिमूटभर नीळ घालायची. भिंत ओली करून पातळ हात द्यायचा. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, सगळे निराश होतात. वाळता वाळता पांढरा उमटतो. एकेक दिवसाच्या अंतरानं तीन हात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून घाई चालत नाही. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती, चुन्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. तुमचे वीस हजार कडियाची मजुरी, चुना-रेती आणि वायरमन ह्यांवर ठेवा. बाकीची मजुरी तुम्ही पाच जण आहातच.

वाडी भागातून एक नवपरिणीत जोडपं : दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत, रंग बदलू देत नाहीत. पाच हजारांत घर आपलं वाटेल असं काय करता येईल? सासूबाईंनी आजेसासूंच्या चार सुती नऊवारी दिल्या आहेत, त्या कापायला मन होत नाही.

कापा. पेटीत ठेवलेली सुती साडी घडीवर विरते. पडदा झाली तर रोज डोळ्यांसमोर राहील. नऊवारी साधारण आठ मीटरची, म्हणजे सव्वीस फूट. दाराचा पडदा सात फुटांचा धरला आणि वरखाली दुमड सोडली तर एका साडीत तीन पाट निघतात. पडदा रॉडच्या दीडपट ते दुप्पट रुंद असावा, नाहीतर ताणलेला दिसतो. साडीचा पन्हा साडेतीन-चार फूट असतो, म्हणून खिडकीला दोन पाट लागतील. उन्हाच्या बाजूला मागून मांजरपाटाचं अस्तर लावा. काठ खाली येऊ द्या. शिवायला सासूबाईंना बसवा आणि कापायची पहिली कात्री त्यांनाच मारू द्या, मग तुमच्या मनावरचं ओझं उतरेल. चौकटीत अडकून बसणारे स्प्रिंगचे रॉड मिळतात, त्यांना खिळा लागत नाही. उरलेल्या पैशांतून आधी दिवे बदला. एका पांढऱ्याफटक ट्यूबऐवजी कोपऱ्यात पिवळसर उजेडाचे दोन दिवे ठेवलेत तर तीच भिंत वेगळी दिसते.

गोत्री रोडवरून एक गृहस्थ : मी निवृत्त आहे. हॉल घरातल्यांनीच मिळून रंगवावा अशी फार इच्छा. मुलगा म्हणतो, “बाबा, माणूस लावू.” सुनेला वेळ नाही. नऊ वर्षांचा नातू मोबाईलमधून मान वर काढत नाही. मी एकट्यानं सुरू करू का?

एकट्यानं सुरू करू नका. तुम्ही शिडीवर चढलात की घरातले फक्त काळजी करतील, कामाला येणार नाहीत.

आमच्या घरी २०१८च्या उन्हाळ्यात पुढची खोली रंगवायची होती, तेव्हा मीही आधी हीच चूक केली. मी सगळं ठरवून टाकलं आणि मग एकेकाला हाक मारली : तू ब्रश धर, तू पेपर अंथर. कोणाचाही जीव त्यात नव्हता. तिसऱ्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “रंग कोणता, ते कोणी ठरवलं?” मी म्हटलं, मी. ते काहीच बोलले नाहीत. मला लागलं ते, आणि बरोबर लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी कामं वाटायच्या आधी निर्णय वाटले. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिला सांगितलं, एका भिंतीचा रंग तू निवड, आम्ही बदलणार नाही. तिनं तीन छटा काढल्या. त्यांच्या लहान बाटल्या आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले आणि तीन दिवस सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात पाहिले. दुकानातल्या कार्डावर जी छटा शांत वाटली होती ती आमच्या पश्चिमेच्या उन्हात भडक निघाली. नातीनंच ती बाद केली आणि मोरपंखी ठेवली. सासरे ब्याऐंशीचे होते, हात थरथरायचे. हिशोबाची वही त्यांच्याकडे. कोणता रोलर, किती पुट्टी, शेवटचा शब्द त्यांचा. सुनेला वेळ नव्हताच. तिनं सामान परत कसं लावायचं एवढंच ठरवलं आणि एका शनिवारी दुपारी ते केलं. तेवढं पुरे होतं. मुलानं टेप घेऊन मापं काढली.

ती मापं तुम्हालाही उपयोगी पडतील. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. चार भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, गुणिले दहा, म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार आणि दोन खिडक्या वजा करून साधारण ३८५. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला १०० ते १४० चौरस फूट जातं. दोन हातांना सात लिटर लागतील असं नातवाला काढायला लावा. गणित पुस्तकाबाहेर आलं की मुलं मोबाईल खाली ठेवतात, हे मी शाळेत असंख्य वेळा पाहिलं. सासऱ्यांच्या वहीत त्या खोलीचा खर्च असा आहे : पुट्टी ८००, पॉलिश पेपर १२०, प्रायमर ६००, रंग छतासकट २,४००, रोलर आणि ब्रश ४५०. एकूण ४,३७० रुपये. भाव आता वाढलेत, पण कशाला किती लागतं ते प्रमाण तसंच आहे.

एक काळजी मात्र घ्याच. जुन्या दारा-खिडक्यांवरचा ऑइलपेंट नातवाच्या देखत कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी नियमानं ठरली ती २०१६ मध्ये, आणि नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. थर घट्ट असेल तर न घासता ओल्या फडक्यानं पुसून वरून रंगवा. घासायचंच झालं तर पाण्याचा पेपर, पाणी लावून, मुलं घराबाहेर असताना; नंतर फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसा.

मांजलपूरहून एक वाचक : सगळ्यांत वरचा मजला आमचा. मे महिन्यात रात्री बारालाही छत तापलेलं असतं. एसी परवडत नाही.

अगाशी, म्हणजे गच्ची, पांढरी करा. अहमदाबादेत महापालिकेनं २०१७ पासून गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं ते ह्याच कारणानं : पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, छत कमी तापतं. वर सांगितला तसाच चुना, फक्त थोडा दाट, त्यात फेविकॉलसारखा गोंद घालून, मार्चअखेर लांब दांड्याच्या ब्रशनं दोन हात. आधी अगाशी झाडून-धुऊन, भेगा भरून घ्या. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा आणि काळा चष्मा लावा, कारण पांढऱ्यावरची तिरीप डोळ्यांना सोसत नाही. एक संध्याकाळ सगळं घर वर गेलं तर होऊन जातं. पावसात चुना धुपतो, दर वर्षी द्यावा लागतो. पुढे पैसे जमले की चायना मोझेक करून घ्या; टाइलवाल्यांकडे पांढरे फुटके तुकडे स्वस्तात मिळतात. ते निवडून, धुऊन ठेवायचं काम तुमचं, बसवायचं मात्र कडियाचं, कारण पाण्याचा उतार तिथेच ठरतो.

रावपुऱ्यातून एक वाचक : आजोबांच्या वेळचा संखेड्याचा झोपाळा माळ्यावर पडून होता. तो खाली काढला आहे. लाखेचा रंग कळकट झालाय, दोन ठिकाणी उडालाय. मुलांना घासून ऑइलपेंट मारायचाय. मारू दे का?

नको, कृपा करून नको. संखेड्याचे खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागाचं लाकूड चरकावर फिरवून घडवतात, त्यावर कथलाच्या चमकीची नक्षी काढतात, वर लाख चढवतात आणि अकीकानं घोटतात. सोन्यासारखं दिसतं ते सोनं नाही, लाखेखालची चमक आहे. पॉलिश पेपर मारलात तर ती पहिल्या मिनिटात जाईल आणि घरात कोणालाही ती परत आणता येणार नाही.

मुलांना हे करू द्या. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ, मग किंचित ओल्या, चांगल्या पिळलेल्या फडक्यानं एकेक पाय, लगेच कोरडा पुसायचा. खाचांत दात घासायचा जुना मऊ ब्रश. साबण, सोडा, थिनर काही नाही. लाख खरी आहे का हे पाहायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक ठिपका लावा. चिकट झालं तर लाख आहे, आणि स्पिरिट पुन्हा त्या झोपाळ्याजवळही आणू नका. उडालेल्या दोन जागा तशाच राहू द्या, किंवा संखेड्याला घेऊन जा. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात. सगळ्यांनी मिळून जा, चरक फिरताना मुलांना पाहू द्या. परत आणल्यावर उन्हाच्या खिडकीशी टांगू नका, उष्णतेनं लाख मऊ पडते.

फळीच्या खालची बाजू कोरी लाकडाची असेल तर तिला अळशीचं तेल लावता येईल, आणि ते काम मुलांच्या हातचं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

टांगण्याआधी चारी सळ्या आणि आढ्याचे आकडे उजेडात पाहा. कडी कडीत बसते तिथे पितळ आतून झिजतं, वरून दिसत नाही. बोटानं चाचपून पाहा, बारीक झालेली लागली तर ती कडी बदला. आढ्याचा आकडा लाकडात किती खोल गेलाय ते सुताराला विचारा, वाळवी लागलेली नाही ना ते त्याच्याकडून टोचून बघवा. मग आधी पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या ठेवून एक रात्र टांगलेला राहू द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसानं बसून पाहायचं, आणि मग मुलांनी.